दिंडीची मटाडोर

आमच्या परड्यात लिंबाखाली मटाडोर उभी होती. उभी आपलं म्हणायचं. चारी टायर बसलेले, पुढचं अंग झुकलेलं, गुडघे टेकलेल्या बैलासारखी. २०१३ सालापासून तिनं जागा सोडली नव्हती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या, आई तिच्यात शेणी आणि सरपण रचायची, आणि पाऊस आला की शेळीची करडं ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायची. तरीही गावात कुणी आमचं घर विचारलं तर माणसं सांगायची, "ते काय, मटाडोरवाल्यांचं."

मी टर्नर. भोसरीत एका कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर उभा राहिलो. २०२२ साली कारखान्याला कुलूप लागलं, हातात थोडे पैसे आले, आणि मी गावी, माण तालुक्यात, परत आलो. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली होती. आई एकटीच होती. आल्यानंतर आठच दिवसांत भंगारवाला दारात आला. मटाडोरला फेरी मारली, पत्र्यावर बोटानं टिचकी वाजवली आणि म्हणाला, "तीस हजार देतो. उचलून न्यायचा खर्च माझा."

आई म्हणाली, "दिऊन टाक. साप निघतेत तिच्यातनं."

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. हाताला काम नव्हतं हे एक कारण. दुसरं कारण पुढं येईल.

टेम्पो हा शब्द आपल्याकडं इतका मुरलाय की तो कुठल्या परक्या कंपनीचा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं ते नाव. १९५८ साली फिरोदियांनी त्या कंपनीशी हात मिळवून इथं बजाज टेम्पो उभी केली. आधी तीनचाकी हॅन्सीट आली आणि लहान मालगाडीला महाराष्ट्रभर टेम्पोच म्हणायला लागले. मग मटाडोर आली. इंजिन कॅबिनमध्ये, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध. उन्हाळ्यात डावी मांडी भाजून निघायची. ओढ पुढच्या चाकांना. त्यामुळं खाली लांब शाफ्ट नाही, आणि मागची जमीन एकदम बसकी. म्हाताऱ्या माणसानं पाय उचलला की आत. जर्मनीत या जातीच्या गाड्यांत लोकांनी पलंग, चूल, कपाटं बसवून फिरती घरं केली. माझ्या मुलीनं मला त्याचे फोटो दाखवले. म्हणाली, "पप्पा, बघा, कॅम्पर व्हॅन."

मी म्हटलं, "आपली तीच होती."

खोटं नव्हतं ते. १९८४ साली अण्णा आणि तात्या, दोघा भावांनी मिळून ती गाडी घेतली. आजीची बोरमाळ आणि पुतळ्या मोडून पहिला हप्ता भरला. नोंदणी थोरल्याच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर. पण अण्णांना गाडी येत नव्हती आणि शेवटपर्यंत आली नाही. चालवायचे तात्या. वर्षभर बाजाराचा माल, कांदा, लग्नाची वऱ्हाडं. आणि आषाढीला दिंडी.

आमच्या गावची दिंडी फलटणला माउलींच्या पालखीला मिळायची. तिथून बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीपर्यंत. माणसं चालायची, मटाडोर पुढं जाऊन मुक्कामाची जागा धरायची. वळकट्या, पिठाचे डबे, पातेली, स्टोव्ह, सगळं तिच्यात. आणि ज्यांचे पाय सुजायचे त्या म्हाताऱ्या. त्यांच्यासाठी तात्यांनी बांधावरची बाभूळ पाडून फळ्या कापून घेतल्या होत्या आणि मागं दोन्ही अंगांना बिजागऱ्यांवर बसवल्या होत्या. दिवसा वर दुमडून साखळीला अडकवायच्या, रात्री खाली सोडल्या की चार माणसांचा पलंग. मागच्या दाराशी स्टोव्हला फळकूट, त्याला तीन बाजूंनी पट्टी ठोकलेली, म्हणजे पातेलं घसरू नये. कंदिलाला टपाला आकडा. बाहेर पाऊस, आत आजी आणि तिच्या सोबतिणी हरिपाठ म्हणतायत, आणि तात्या पुढं दोन सीटवर, इंजिनाच्या झाकणावर पाय टाकून झोपलेले. मी त्या झाकणाच्या उबेला.

चौदाव्या वर्षी तात्यांनीच मला ती चालवायला शिकवली, मळ्याच्या रस्त्यावर. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ज्या गेरवर घाट चढतूस, त्याच गेरवर उतरायचा. ब्रेकवर इसंबून उतरला त्यो गेला." चिखलाचा चढ आला आणि मागं ओझं असलं की पुढची चाकं नुसती फिरायची. मग तात्या गाडी वळवून उलटी, रिव्हर्सवर चढवायचे. लोक हसायचे. गाडी चढायची.

१९९६ साली वाटणी झाली. कारणं सगळ्या वाटण्यांना असतात तीच. आजी गेली होती, बायकांचं पटत नव्हतं म्हणतात ते खोटं, पुरुषांचंच पटत नव्हतं. पंच बसले. गाडी कुणाची म्हटल्यावर अण्णांनी आरसी बुक पुढं टाकलं. कागदावर एकच नाव. पंचांनी कागद मानला. तात्यांना विहिरीवरचा अर्धा पाळीहक्क वाढवून दिला आणि बैलजोडी. पुढं कधीतरी मला कळलं की मटाडोर या शब्दाचा अर्थ बैलाशी झुंजून त्याला मारणारा. आमच्याकडं एका भावाला बैल आले आणि एकाला मटाडोर.

तात्यांनी किल्ली पंचांच्या पुढ्यात ठेवली. बाभळीच्या फळ्या मात्र उतरवून नेल्या. म्हणाले, "गाडी कागदाची. बाभूळ माझ्या बांधावरची." त्यानंतर दोघा भावांत अण्णा मरेपर्यंत बोलणं नव्हतं. मधे फक्त भिंत. बायकांचं चालू होतं. विरजण संपलं की आई आणि काकी भिंतीवरून वाटी फिरवायच्या. पुरुषांना ते माहीत होतं आणि ते माहीत नसल्यासारखं करायचे.

गाडीतनं दिंडी गेली आणि वडाप सुरू झालं. पगारी ड्रायव्हर आले, गेले. वाटणीनंतर महिन्याभरातच मीही पुण्याला गेलो.

तर २०२२च्या दिवाळीनंतर मी कामाला लागलो. दहिवडीहून एक म्हातारे मिस्त्री मिळाले, ज्यांनी आयुष्यभर मटाडोरीच उघडल्या होत्या. मी म्हटलं, "मला ही कंपनीतनं आली तशी करायची हाय. ओरिजिनल." ते म्हणाले, "पैसा घालशील त्यापरीस नवी मिळंल." मग टोपी काढून खांबाला अडकवली आणि गाडीखाली शिरले.

आधी सरपण काढलं. सापाची कात निघाली, साप नाही. जमिनीचा पत्रा तीन ठिकाणी इतका कुजला होता की बोटानं आरपार. तो गॅसनं कापून नवा वेल्डिंग केला. ब्रेकचे सिलिंडर चारही जाम. पुढच्या एक्सलचे जॉइंट गेलेले. आधीपासूनच वळणाला कटकट वाजायचे, ते पुण्याच्या जुन्या बाजारात आणि दोन भंगारवाड्यांत मिळून जमवले. जे बुश कुठंच मिळेनात ते मी एका ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन लेथवर स्वतः टर्न केले. डिझेलचा पंप कॅलिब्रेशनला पाठवला. काचेचं रबर, हेडलाइटच्या रिंगा, सीटचं रेक्झिन, एकेक करत फाल्गुन उजाडला. हिशोब दीड लाखाच्या वर गेला तेव्हा मी वही आईपासून लपवायला लागलो.

कागदांचंही बघावं लागलं. अण्णांच्या नावावरून वारस म्हणून माझ्या नावावर करायची, तर आईच्या आणि बहिणीच्या सह्या. नोंदणी संपून कित्येक वर्षं झालेली. सातारला आरटीओकडं गाडी दाखवून फिटनेस, दंड, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी पुन्हा. पुतण्या म्हणाला, "विंटेजमध्ये नोंदवा की." पण २०२१च्या नियमाप्रमाणं त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते. आमची चाळिशीतली. आरसी बुकात रंगाच्या रकान्यात 'क्रीम' लिहिलं होतं आणि गाडी होती निळी. साहेबांपुढं न्यायची तर कागदाप्रमाणं क्रीमच पाहिजे. मला बरंच वाटलं. ओरिजिनल तोच.

पेंटर पोरगा म्हसवडचा. त्यानं रंग घासायला घेतला. वर निळा, त्याखाली पांढरा. सगळीकडं पांढऱ्याखाली क्रीम निघत होता. फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर मधेच एक हिरवा पट्टा निघाला. जाडजूड, ब्रशचे फटकारे, ओघळ वाळून गोठलेले. पोरगा हसला. "काका, हे कुठल्या गवंड्यानं मारलंय?"

मी काही बोललो नाही. त्यानं काचकागद पाण्यात बुडवला आणि घासायला लागला. हिरव्याखालून लाल अक्षरं यायला लागली, काळ्या सावलीची, कुणा जुन्या पेंटरच्या हातची. 'मालक', आणि खाली दोन नावं. वर अण्णांचं. खाली तात्यांचं.

तो गवंडी मी होतो.

वाटणीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला हाक मारली. बैलगाडीच्या चाकांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता. म्हणाले, "खालचं नाव पूस." मी वीस वर्षांचा. ज्यांनी मला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला दिलं होतं त्यांचं नाव. मी एकदाही 'कशाला' म्हणून विचारलं नाही. नुसतं खालचंच नाव पुसायचं होतं, पण हात थरथरत होता आणि ब्रश मोठा होता, त्यात अण्णांचंही नाव बुडालं. अण्णा रागावले नाहीत. नंतर त्यांनी तिथं परत नाव घातलंच नाही.

मला हे माहीत होतं. सव्वीस वर्षं मी ते नुसतं बाजूला ठेवलं होतं. भंगारवाल्याला नाही म्हणायचं दुसरं कारण ते. ते दार तसंच गोण्यांत घालून गेलं असतं.

पोरगा म्हणाला, "काका, ठेवायचं का घासायचं? तुम्ही ओरिजिनल म्हणला व्हता."

आता ओरिजिनल कुठलं म्हणायचं? कंपनीतनं आली तेव्हा दारावर कुणाचंच नाव नव्हतं. घरी आली तेव्हा दोघांचं होतं. मी म्हटलं, "दार राहू दे. बाकीचं घे."

त्याच आठवड्यात इंजिन बसलं. पण गाडी सुरू होईना. मिस्त्रींनी हीटर तापवले, फिल्टरची हवा काढली, स्टार्टर मारला. दोन फटके घ्यायची आणि गप्प. तीन दिवस हेच. बॅटरी दोनदा चार्ज करून आणली. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मिस्त्री घाम पुसत म्हणाले, "पंपच परत उघडावा लागंल."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"पंपाला हात लावू नका. ती हवा वढती."

तात्यांचा आवाज. पंचाहत्तरीचा, पण तोच. सत्तावीस वर्षांत आमच्या परड्यात आलेला पहिला. मिस्त्री माझ्याकडं बघायला लागले. आई दारात येऊन उभी राहिली.

"ड्रायव्हर सीटच्या मागं, जमिनीखाली, टाकीच्या पायपाला जोड हाय. तितनं डिझेल गळत न्हाय, म्हणून कुणाला कळत न्हाय. हवा आत वढती. साबण लावून सुताचा दोरा गुंडाळ, मग आवळ. मग हातपंप मार. फेस गेला का मग बघ."

मी खाली शिरलो. जोड होता. त्यावर सुताचे तुकडे अजून चिकटलेले होते, काळे पडलेले. मी साबण लावून दोरा गुंडाळला, आवळला. मिस्त्रींनी हातपंप मारला. फिल्टरवर आधी फेस आला, मग बुडबुडे, मग निव्वळ डिझेल. हीटर. स्टार्टर. गाडीनं एकदा अंग झाडलं, पांढरा धूर सोडला आणि चालू झाली. परड्यातल्या सगळ्या कोंबड्या भिंतीवर.

मी भिंतीशी गेलो. पलीकडं तात्या बाजेवर बसले होते, पाठ आमच्याकडं. मी हाक मारली. वळले नाहीत. म्हणाले, "रेस करू नगं. तापू दे आधी."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या दारातनं आत गेलो. काकीनं चहा टाकला. बोलायला सुरुवात कुठनं करायची ते ठरवून गेलो होतो, ते सगळं विसरलो. म्हटलं, "तात्या, दारावरचा रंग काढला. खाली तुमचं नाव निघालं."

ते बशीतला चहा प्याले. मग म्हणाले, "हिरवा व्हता."

"होय."

"मी गोठ्यात व्हतो तवा. बघत व्हतो. ब्रश उभा-आडवा कसाबी मारत व्हतास." थोडं थांबून म्हणाले, "रडत बी व्हतास."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. म्हटलं, "तात्या, चुकलं माझं."

"बापाचं ऐकलंस. माझ्या पोरानं माझं न ऐकता तुझ्या बापाचं ऐकलं असतं तर मला चाललं असतं का?" हे त्यांनी क्षमा केल्यासारखं म्हटलं नाही. हिशोब सांगितल्यासारखं म्हटलं.

मी विचारलं, "दोन्ही नावं परत घालू का? होती तशी?"

"नगं. मी मालक कवा व्हतो? कागदावर न्हवतो." मग काकीकडं बघून म्हणाले, "आन् मेलेल्या माणसाचं नाव दारावर कशाला. कोरी ठेव. कंपनीनं दिलती तशी."

तशीच ठेवली. पेंटरनं दार घासलं, लांबी भरली, प्रायमर मारला, क्रीम रंगाचे दोन हात दिले. अक्षरं जाताना मी तिथंच उभा होतो. वाईट वाटलं. पण त्यांनी सांगितलं होतं.

रंग वाळून चार दिवस झाले असतील. सकाळी तात्यांचा नातू हातगाड्यावर काहीतरी लादून आला. गोणपाटात गुंडाळलेल्या बाभळीच्या फळ्या. बिजागऱ्यांसकट, साखळ्यांसकट. म्हणाला, "आज्जा म्हणला, या बसतील तिथंच बसव. भोकं जुनीच हायत." फळ्या काळ्याभोर आणि तुळतुळीत होत्या. वाळवी लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यांना जळकं ऑइल लावलेलं होतं, काकीनं नंतर सांगितलं. सत्तावीस उन्हाळे. भोकं खरंच जुनीच बसली. एकाच ठिकाणी, नवा पत्रा टाकला होता तिथं, मला ड्रिल मारावं लागलं.

म्हणजे गाडी अखेर कंपनीसारखीही झाली नाही. कंपनीत कुठल्या फळ्या होत्या?

आषाढीच्या आधी गावच्या दिंडीवाल्यांनी विचारलं, सामान न्याल का फलटणपर्यंत. आता दिंडीला ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो. आमच्यावाचून अडलं नव्हतं. तरी मी हो म्हटलं. वळकट्या भरल्या, आईला आणि काकीला मागं फळ्यांवर बसवलं. दोघी एकमेकींना टेकून बसल्या, जशा काही कालच उतरल्या होत्या.

मी किल्ली फिरवणार तोच डावीकडचं दार उघडलं. तात्या चढले. धोतर सावरून बसले. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. लायसन संपून त्यांना कित्येक वर्षं झाली होती, आणि डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. त्यांनी एकदा इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला, तापलंय का बघायला, आणि काढून घेतला.

दहिवडी मागं पडली. मोगराळ्याचा घाट लागला आणि खाली फलटणचं मैदान दिसायला लागलं. उतार सुरू झाला. पहिल्या वळणाला मी पाहिलं तर तात्यांचा उजवा पाय पुढं सरकला होता आणि मोकळ्या पत्र्यावर दाबला जात होता, जिथं ब्रेक नव्हता तिथं. दुसऱ्या वळणालाही तसंच.

मी क्लच दाबला आणि गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. इंजिनानं आवाज बदलला, वेग आपोआप पडला.

त्यांचा पाय मागं आला.